झांजिबारला पाठवलेली सहा कलमं

लग्न होऊन बायको घरी आली तेव्हा मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की आमच्या घरात एक वेळ मीठ नसेल, पण खोटं बोलणारं माणूस सापडायचं नाही. ती बिचारी मान डोलवायची. आता भांडण अगदीच हातघाईवर आलं, की हेच वाक्य ती माझ्या तोंडावर मारते. मारू दे. मी ऐकून घेतो. हात दाखवून अवलक्षण मीच करून घेतलंय, तक्रार कुणाकडं करू?

बाबा परळला एका साहेबाच्या बागेत मुकादम होते. बागेच्या मागच्या अंगाला कुंपणालगत आमचं कौलारू घर होतं. दोन खोल्या, मागं पडवी, पडवीपुढं विहीर. घर साहेबाचं, पण दारातलं आंब्याचं झाड बाबांचं. कागदोपत्री तेही साहेबाचंच असणार म्हणा, पण तसं बाबांच्या तोंडावर बोलायची साहेबाचीही टाप नव्हती. माझ्या जन्माच्या आधी बाबांनी ते लावलं, म्हणून आम्ही त्याला 'थोरली' म्हणायचो. थोरलीच्या पाठीवर मी आणि माझ्यामागून चार वर्षांनी धाकटा. तिचं फळ बेताचं, खांद्यावर तांबूस, साल पातळ, दोरा नावाला नाही. आणि खाऊन झाल्यावर जिभेवर मागाहून बडीशेपेची चव यायची. ती चव मी दुसऱ्या कुठल्याही आंब्याला पाहिली नाही. तुम्ही हापूसचं कौतुक सांगाल. सांगा बापडे.

थोरलीची कलमं बाबा स्वतः बांधायचे. कोयीपासून उगवलेलं रोप कुंडीत घ्यायचं, झाडाच्या फांदीपाशी बांबूचा माच उभारून ती कुंडी त्यावर चढवायची. मग रोपाची आणि फांदीची एकेक बाजू चाकूनं तासायची, दोन्ही जखमा एकमेकींना लावायच्या, केळीच्या सोपटानं आवळायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची. पुढं तीन महिने दोन वेळ पाणी. दोघं एकजीव झाले, की फांदी झाडापासून कापायची आणि रोपाचा स्वतःचा शेंडा उडवायचा. सोपटाच्या पट्ट्या काढणं आणि शेणमाती मळणं ही आईची कामं. बांधायला मात्र बाबा तिला हात लावू देत नसत. "बाईनं बांधलेलं कलम धरत नाही," असं म्हणायचे आणि हसायचे. आईही हसायची.

आणखी एक रीत होती. थोरलीचं कलम ज्याला दिलं, त्यानं त्याचं पहिलं फळ आणून बाबांच्या हातावर ठेवायचं. बाबा ते उभ्या उभ्या खायचे, बाठा चोखून लख्ख करायचे आणि म्हणायचे, "पोर आमचीच आहे." एवढं ऐकायला लोक माहीमहून, माझगावहून फळ घेऊन यायचे. झाड दोन वर्षांचं असताना त्याची पानं बघून कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, ते फळ आल्यावरच कळतं. म्हणून ती रीत होती.

मला या कामात गोडी नव्हती. मी चार बुकं शिकलो, कोटात, म्हणजे फोर्टात, एका आगबोटींच्या कचेरीत कारकून झालो आणि गिरगावात एका चाळीत बिऱ्हाड केलं. बागेचं काम धाकट्याकडं जाणार हे ठरलेलंच होतं. गुण होता त्याच्या हाताला, पण बूड एका जागी ठरत नसे. एका वर्षी बाबांनी साहेबासाठी थोरलीला चाळीस कलमं बांधली आणि पुढच्याच आठवड्यात ते तापानं आडवे झाले. आई त्यांच्या उशाशी. कलमांना पाणी घालायचं काम धाकट्यावर. पाच-सहा दिवस त्यानं घातलं आणि एके दिवशी न सांगता झांजिबारच्या बोटीवर चढला. लवंगांच्या मळ्यावर देखरेखीला माणूस हवा, असं त्याला गोदीत कुणीतरी सांगितलं होतं. बाबा भिंतीला धरत अंगणात आले तेव्हा माचावरच्या चाळीसच्या चाळीस कुंड्यांतली माती तडकलेली होती.

त्या दिवशी बाबा ओरडले नाहीत. एकेक कुंडी सोडवून खाली ठेवत गेले आणि चाळीस झाल्यावर म्हणाले, "मी मेलो तरी त्यानं मला खांदा द्यायचा नाही." मी तिथंच होतो. आई पदर तोंडाशी धरून दारात उभी होती. त्यानंतर दोन वर्षं घरात धाकट्याचं नाव निघालं नाही.

मग माझ्या कचेरीच्या पत्त्यावर त्याचं पत्र आलं. कागदाला लवंगेचा वास. "दादा, मी इथं जागा घेतली आहे. बाबांना विचार, थोरलीचं एक कलम देतील का. त्यांच्या हातचं. दुसऱ्या कुणी बांधलेलं नको. त्यांनी दिलं तर मी समजेन की त्यांनी मला पदरात घेतलं. चौथ्या वर्षी फळ धरेल. पहिलं फळ घेऊन मी स्वतः येईन, त्यांच्या हातावर ठेवीन आणि पुन्हा जाणार नाही. नाही दिलं, तर तेही उत्तरच. मग मी तोंड दाखवणार नाही."

हे पत्र मी परळला जाऊन मोठ्यानं वाचलं. बाबांना वाचता येत नसे, आईला तर नाहीच. बाबा उठून बागेत निघून गेले. आई म्हणाली, "तू त्यांच्या मागं लाग. तुझं ऐकतील." लागलो. दर रविवारी भायखळ्यापर्यंत ट्रामनं आणि पुढं पायी, असा परळला जायचो आणि तेच तेच बोलायचो. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. सहा महिने गेले. ज्येष्ठातल्या एका रविवारी मी चपला काढतोय तोच म्हणाले, "आलास? बरं झालं. माच बांधायला हात लाव."

मला रडूच आलं. लाजेनं मी बांबू उचलायला पळालो.

त्यांनी सहा कलमं बांधली. मी म्हटलं, "बाबा, त्यानं एकच मागितलंय." तर म्हणाले, "समुद्राचा प्रवास आहे. पाच मेली तरी एक पोचेल." ते तीन महिने दोन वेळ पाणी त्यांनी स्वतः घातलं. आईला म्हणायचे, "त्याच्या भरवशावर एकदा ठेवली होती, आता कुणाच्याच नको."

दसऱ्यानंतर कलमं उतरवली आणि पडवीत ओळीनं मांडली. माझ्या कचेरीतून झांजिबारच्या बोटीवर जागा मिळाली. साहेबाच्या बागेतून विलायतेला रोपं जायची त्यातली एक जुनी काचेची पेटी बाबांनी मागून आणली. वर घराच्या पाख्यासारखी तिरपी काच, तळाला मातीचा थर, वर नारळाचा काथ्या. फटी लुकणानं बुजवल्या की आतलं पाणी आतच फिरतं आणि रोप महिनाभर तग धरतं. पेटीवर मी इंग्रजीत आणि गुजरातीत लिहिलं, की ऊन लागू द्या, खारं पाणी लागू देऊ नका.

पेटी भरायच्या दिवशी बाबा थांबले नाहीत. "मी बांधून दिलीत. पाठवायची ती तू पाठव," एवढं बोलून कामाला गेले. रुसवा एकदम सोडायचा कसा, हा प्रश्न असतो माणसाला. तेव्हा आई आणि मीच होतो. आई पडवीतून एकेक कलम आणून देत होती, मी पेटीत बसवत होतो. काच लावायच्या आधी ती म्हणाली, "थांब रे." आणि तिनं त्या सहाही कलमांची ओटी भरली. प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट, बुडाशी चिमूटभर तांदूळ. "लेकी सासरी चालल्यात," म्हणाली. डोळ्यांना नुसती धार. मी त्या वेळी मनात म्हटलं, की आई असावी तर अशी. मनातलं मनातच ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण ते मी कचेरीत, चाळीत, बायकोकडं, सगळीकडं सांगत सुटलो.

पेटी पोचली. सहातली पाच जगली, असं धाकट्याचं पत्र आलं. बाबांना ते मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी फक्त "हं" केलं, पण रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, हे आईनं मला मागाहून सांगितलं. पुढं वर्षाला दोन-तीन पत्रं येत. नवी पालवी आली. बांधणी सोडली. सांधा असा बसलाय की बोट फिरवलं तरी कळत नाही. हे ऐकून बाबा मान हलवायचे. तिसऱ्या वर्षी तर त्यांनी पडवीच्या कडेला एक खोली काढायची म्हणून साहेबाची परवानगी मागितली. कशाला हवी, असं विचारलं तर म्हणाले, "लागते. माणसं येतात-जातात."

चौथ्या वर्षी मुंबईत गाठीचा ताप आला. माणसं पटापट मरू लागली, चाळी ओस पडू लागल्या. त्या धामधुमीत, पौषात, झांजिबारचं टपाल आलं. पत्र जाड लागलं म्हणून मी खुशीत फोडलं. आत फडक्यात गुंडाळलेला एक वाळका बाठा आणि चार ओळी.

"दादा, फळ आलं. आंबट आहे आणि नुसते दोरे आहेत. पाचही झाडांना तेच. बाबांनी रायवळ बांधून दिला. चार वर्षं पाणी घालत बसेन आणि मग मला कळेल, असा हिशेब केला असेल त्यांनी. त्यांच्या चाळीस कलमांची फेड झाली. उत्तर पोचलं म्हणून सांग."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय काय आठवलं! सहा महिने केलेल्या विनवण्या, "पाच मेली तरी एक पोचेल", पडवीतली खोली. म्हणजे हे सगळं नाटक? आणि मध्ये मला घातलं? मीच तर धाकट्याला छातीठोकपणे लिहिलं होतं, की बाबांनी माझ्या डोळ्यांदेखत बांधली. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला, असं वाटलं मला. कचेरीतून तसाच उठलो आणि परळला गेलो.

बाबा पडवीत चाकू परजत बसले होते. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी पत्र वाचलं आणि बाठा त्यांच्या पुढ्यात टाकला.

बाबांना पहिल्यांदा काही कळलंच नाही. "काय म्हणतो तो?" असं दोनदा विचारलं. मग बाठा उचलला, अंगठ्यानं त्याचे दोरे चाचपले, नाकाशी धरला. मग मान वळवून विहिरीकडं पाहिलं. विहिरीवर एक जुना रायवळ होता, लोणच्यापुरता. त्या बाजूला आई धुणी वाळत घालायची. बाबा तिथं कधी फिरकत नसत. विहिरीची बाजू बायकांची, असा दंडकच होता. त्यांनी बराच वेळ तिकडं पाहिलं. चुलीकडं पाहिलं. आणि बाठा मला परत देत म्हणाले, "हो. माझंच काम."

मग माझी जीभ सुटली. बापाला बोलू नये ते सगळं बोललो. म्हटलं, "कसाईसुद्धा एका घावात मारतो हो, तुम्ही चार वर्षं लावलीत." ते ऐकत राहिले. मध्ये एकदा भाकरी करपल्याचा वास आला. आमच्या आईच्या हातून कधी भाकरी करपत नसे. माझं बोलून संपल्यावर बाबा म्हणाले, "झालं? मग नीघ आता. अंधार पडायच्या आत घरी पोच, दिवस वाईट आहेत."

मी पुन्हा गेलो नाही. आई निरोप पाठवायची, ये म्हणून. मी नाही गेलो. लोक परळ सोडून चालले होते, साहेबानंही बाबांना जा म्हणून सांगितलं. तर बाबांचं उत्तर, की थोरलीला मोहोर आलाय, मी कुठं जाऊ? माघ संपता संपता त्यांना ताप भरला आणि चौथ्या दिवशी खेळ आटोपला. निरोप मला उशिरा मिळाला. स्मशानात पोचलो तेव्हा लाकडं रचून झाली होती. मी अग्नी दिला. खरं सांगतो, त्या वेळीही माझ्या मनातला राग गेला नव्हता.

गिरगावात राहण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या दोन खोल्यांत गाठ निघाली होती. बायको, मुलं आणि आई यांना घेऊन मी दादरला मामाच्या वाडीत गेलो. मामा म्हणजे आईचा भाऊ, सरळ माणूस. नारळ आणि पानवेल करायचा. त्याच्या झावळ्यांच्या झोपडीत आम्ही सगळे उन्हाळाभर राहिलो.

वैशाखात एके दिवशी मामा वाडीच्या मागच्या अंगानं ओंजळीत काहीतरी धरून आला. आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती, मी बाजेवर होतो. मामा माझ्यापाशी येऊन म्हणाला, "हात पुढं कर रे. पहिलं फळ तुझ्या बापाच्या हातावर ठेवायचं होतं. ते राहून गेलं. आता तूच घे."

बेताचं फळ. खांद्यावर तांबूस.

मी म्हटलं, "मामा, हा कुठला?"

"कुठला म्हणजे? तुमच्या थोरलीचाच. तुझ्या आईनं सहा कलमं नाही का आणून दिली? चार-साडेचार वर्षं झाली की. दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला. तुझ्या बापापाशी विषय काढू नकोस म्हणाली होती, त्यांना धाकट्याची आठवण होते म्हणून. मी कशाला काढतोय?"

मी ते खाल्लं. काय करणार? हातात होतं, खाल्लं. शेवटी जिभेवर बडीशेप आली.

आईच्या सुपाचा आवाज थांबला होता. मामा पुढची फळं काढायला गेला आणि मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"झांजिबारला काय पाठवलंस तू?"

"विहिरीवरचा रायवळ," ती म्हणाली. मान खाली, बोटं तांदळात. "मीच बांधला. त्यांनी इकडं बांधली त्याच आठवड्यात मी तिकडं बांधली. वाळत घातलेल्या लुगड्यांच्या आड. सहाच्या सहा धरली."

सहाच्या सहा धरली, हे सांगताना तिच्या आवाजात किंचित अभिमान होता. माझ्या कानांनी तो ऐकलाय. तीस वर्षं शेणमाती मळता मळता ही बाई ते काम बघत होती आणि पहिल्यांदा हात लावला तो यासाठी. तीन महिने चोरून पाणी घातलं आणि ताकास तूर लागू दिली नाही. मग ओटी भरली! रायवळाची ओटी भरून रडली माझ्यासमोर!

"का? अगं, का केलंस असं?"

"थोरलीचा आंबा त्याला तिकडंच मिळाला असता, तर तो इकडं कशाला आला असता?"

"पहिलं फळ घेऊन येणार होता ना! लिहिलं होतं त्यानं! मी वाचून दाखवलं होतं तुला!"

"लिहायला काय जातंय? झाड लावलेला माणूस झाड सोडून येतो होय? तुझे बाबा कधी आले? माझी आई इथं, या वाडीत वारली, तेव्हा कलमांचे दिवस होते, ते आले नाहीत. परवा सगळं परळ पळालं, ते हलले नाहीत. मोहोर आलाय म्हणे. मला माहीत आहेत झाडवाली माणसं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मला वाटलं, आंबट निघाला की खऱ्यासाठी त्याचा जीव तुटेल. भांडायला का होईना, पण धावत येईल. आला की मी सांगणारच होते."

माझी आई वेडी नव्हती. तिनं तिच्या आयुष्यात जे पाहिलं त्यावरून हिशेब मांडला होता, आणि तो साफ चुकला.

"आणि मी बाबांना बोललो तेव्हा? तू चुलीपाशी होतीस."

"होते."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"त्यांनी माझ्याकडं बघून नको म्हटलं. डोळ्यांनी." तांदळातला एक खडा वेचून टाकत म्हणाली, "तू गेल्यावर मला एक शब्द बोलले नाहीत. मरेपर्यंत. फक्त एकदा म्हणाले, सांधा चांगला बसलाय म्हणे तुझा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली होती, आणि संन्याशानं आपणहून मान पुढं केली होती. मी दोघांनाही माफ केलेलं नाही. आईनं फसवलं ते फसवलंच. पण बाबांनीही फसवलं मला. बायकोची लाज राखायला त्यांनी माझ्याकडून शिव्या खाल्ल्या आणि मला तसंच ठेवून निघून गेले. माझं काय होईल याचा विचार त्यांनी करायला नको होता का?

त्याच दुपारी मी धाकट्याला पत्र लिहायला बसलो. काही झाकलं नाही. विहिरीचा रायवळ, लुगडी, मामाची वाडी, सगळं लिहिलं. बाबांनी बाठा ओळखला आणि आळ स्वतःवर घेतला, हे लिहिलं. बाबा गेले, हे लिहिलं. आई शेजारी बसून होती. लिहू नको, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं एवढंच सांगितलं, "माझ्याकडून लिही की चुकले. ये म्हणावं आता." तेही लिहिलं. मामाच्या वाडीतल्या फळाचा बाठा धुऊन, वाळवून पत्रासोबत घातला.

उत्तर यायला आश्विन उजाडला. तोवर आम्ही गिरगावात परत आलो होतो. आई दर टपालाच्या दिवशी मी कचेरीतून यायच्या वेळी गॅलरीत उभी राहायची. त्या दिवशी माझ्या हातात लिफाफा दिसला तशी ती आत जाऊन देवापुढं दिवा लावून आली आणि माझ्यासमोर बसली. "वाच," म्हणाली.

मी वाचलं.

"दादा, बाबा गेल्याचं कळलं. मेलेल्या माणसावर राग धरू नये, हे मलाही कळतं. पण त्यांची बाजू सावरायला तू आईच्या माथी हे मारशील असं वाटलं नव्हतं. आईला मी ओळखतो. जगात कुणीही मला फसवेल, पण आई फसवणार नाही. तिच्या नावानं तू जे लिहिलंस ते तिला वाचून दाखवलं असशील तर तिचे पाय धर. आणि बाठे कुणाच्याही झाडाचे मिळतात. झाडं मी तोडली आहेत. आता पत्र पाठवू नकोस."

मी कागद खाली ठेवला. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा मात्र उजळला होता. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"बघ," ती म्हणाली, "अजून त्याचा माझ्यावर किती विश्वास आहे."

मी कागदाची घडी घालायला लागलो तर तिनं माझा हात धरला.

"ती ओळ पुन्हा वाच रे. आई फसवणार नाही, ती."

मी वाचली.